चढावर बूस्ट दिसत नाही, एवढ्यावरून टर्बो निकामी ठरत नाही

तुमची निरीक्षणे आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाबद्दल आहे हे इतरांनाही कळेल. तुमच्याकडे २.२ लिटर टर्बो डिझेल इंजिनाचे फोर बाय फोर वाहन आहे आणि ओबीडी या वाहनाच्या निदानासाठीच्या सॉकेटला जोडणी लावून तुम्ही मोबाइलवरील ॲपमध्ये बूस्ट, म्हणजे टर्बोने (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या हवेच्या पंपाने) भोवतालच्या हवेपेक्षा वाढवलेला दाब, पाहता. सपाट प्रदेशातील मोकळ्या रस्त्यावर जोरात वेग घेताना तो १.२ बारपर्यंत जातो. खडकाळ चढावर लो रेंजमध्ये (वेग घटवून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरमध्ये), पहिल्या गिअरमध्ये रांगताना तो ०.१ च्या पुढे सरकत नाही; आणि सुमारे ४,००० मीटर उंचीवर पेडल पूर्ण दाबूनही तो ०.८ च्या वर गेला नाही. यावरून एका मेकॅनिकने टर्बो बदलायला सांगितले आहे, तर मित्राने ट्यूनिंग बॉक्स, म्हणजे इंजिनाची शक्ती वाढवण्यासाठीची जादा पेटी, लावून बूस्ट वाढवायला सुचवले आहे. या दोहोंपैकी काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे.

दिलेल्या माहितीवरून मी यांपैकी काहीही करणार नाही. मी तुमचे वाहन पाहिलेले नाही, त्यातील टर्बो वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वगळून सोडणाऱ्या झडपेचा) आहे की हलत्या पात्यांचा हे मला ठाऊक नाही आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात, कंपनीने कोणत्या मर्यादा घातल्या आहेत हे बाहेरून सांगता येत नाही, त्यामुळे टर्बो निर्दोष आहे अशी हमी मी देत नाही. मात्र तुम्ही सांगितलेली तिन्ही निरीक्षणे निरोगी टर्बोशीही पूर्णपणे जुळतात. खरा प्रश्न टर्बो चांगला की वाईट हा नसून, कोणत्या प्रसंगी किती बूस्ट अपेक्षित आहे आणि ॲपवरील आकडा नेमका कशाच्या तुलनेत मोजलेला आहे, हा आहे.

बूस्ट म्हणजे टर्बोने केलेले काम, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात इंजिन जेवढी हवा गिळू शकते त्यापेक्षा अधिक हवा कॉम्प्रेसर पुढे ढकलतो, ती इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, दाटते, आणि त्या दाटण्याचे माप म्हणजे बूस्ट. म्हणूनच सिलिंडर हेडमधील हवेचा मार्ग मोकळा केला, तर तेवढ्याच हवेला कमी बूस्ट दिसतो आणि शक्ती मात्र कमी होत नाही. आता कॉम्प्रेसरला फिरवणारी टर्बाइन चालते एक्झॉस्ट वायूवर; तो वायू किती आणि किती तापलेला आहे, हे जळलेल्या इंधनावर आणि इंजिनाच्या आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) ठरते. भार नाही तर इंधन नाही, इंधन नाही तर वायूत जोर नाही, आणि वायूत जोर नाही तर बूस्ट नाही. उभ्या वाहनात न्यूट्रलमध्ये रेस करून बूस्ट तपासणाऱ्यांची निराशा होते ती याचमुळे.

तुमचेच इंजिन घेऊन हिशेब करू. चार स्ट्रोकचे २.२ लिटरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेते, म्हणजे १,२०० आरपीएमला मिनिटाला ढोबळमानाने १,३२० लिटर. तेच इंजिन ३,००० आरपीएमला ३,३०० लिटर घेते, आणि १.२ बार बूस्टमुळे त्यातील प्रत्येक लिटर, इंटरकूलरनंतरचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतरचे) तापमान धरूनही, साधारण दुप्पट घन असतो. थोडक्यात, रांगताना टर्बोमधून जाणाऱ्या हवेच्या सुमारे पाचपट हवा मोकळ्या रस्त्यावर जाते, आणि तेव्हाचा एक्झॉस्ट वायूही कितीतरी अधिक तापलेला असतो. खडकावर पाव पेडलवर चालताना ०.१ बार दिसणे हा दोष मुळीच नाही. हलत्या पात्यांचा टर्बो, ज्याला व्हीजीटी म्हणतात, पाती मिटून वायूचा मार्ग अरुंद करतो आणि कमी आरपीएमलाही थोडा अधिक बूस्ट उभा करतो; वेस्टगेटच्या साध्या टर्बोला ही सोय नसते. तरीही १,२०० आरपीएमला हलक्या भारावर चमत्काराची अपेक्षा दोघांकडूनही करू नये.

खडकावर तुम्हाला वर नेतो तो लो रेंजचा गिअर. जीप रँग्लरच्या साध्या आवृत्त्यांत लो रेंजचे गुणोत्तर २.७२ आहे आणि रुबिकॉनमध्ये ४. म्हणजे चाकांवर पोहोचणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, केवळ त्या एका दांड्याने पावणेतीन ते चार पट होतो. याच्या तुलनेत बूस्ट १.२ वरून १.४ बारवर नेला, तर बाहेरच्या हवेचा सुमारे १ बार धरून मॅनिफोल्डमधील एकूण दाब २.२ वरून २.४ होतो, म्हणजे हवेत फार तर ९ टक्के वाढ. शिवाय ती वाढ मिळते २,००० आरपीएमच्या पुढे, जिथे खडकावर तुम्ही कधी जातच नाही. किंबहुना खडकावर मध्येच अचानक उसळणारा बूस्ट मला नकोसाच वाटतो, कारण पेडल तेवढेच असताना टॉर्क वाढतो आणि चाक दगडावरून घसरते.

वाळूची गोष्ट वेगळी आहे. तिथे रस्त्याचा वेग कमी, भार सतत आणि प्रतिकार प्रचंड, त्यामुळे बूस्टची खरी गरज तिथेच भासते आणि टर्बो लॅग, म्हणजे पेडल दाबल्यावर बूस्ट यायला लागणारा उशीर, खऱ्या अर्थाने नडतो तोही तिथेच. वाळूत पेडलवरून पाय काढला की एक्झॉस्ट वायूचा जोर ओसरतो, टर्बोच्या शाफ्टची (दांड्याची) गती पडते, आणि पुन्हा पेडल दाबल्यावर पुरेशी हवा येईपर्यंत ईसीयू धूर होऊ नये म्हणून इंधनही आखडून धरतो. त्या एक-दोन सेकंदांत वाहन रुतते. म्हणून चालकाला एक गिअर खाली ठेवावा, इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास किंवा वर राहू द्यावे आणि पेडल स्थिर ठेवावे, असे मी सांगतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या वाहनाला इथे एक फायदा मिळतो: टॉर्क कन्व्हर्टर घसरत असल्याने चाके जवळजवळ स्थिर असतानाही इंजिन फिरत राहते आणि हालचाल सुरू होण्यापूर्वीच थोडा बूस्ट तयार असतो. मॅन्युअलमध्ये हेच काम क्लच घासून करायचा मोह होतो. तो आवरावा आणि लो रेंज वापरावी. अर्थात टायरमधील हवा उतरवलेली नसेल, तर बूस्टची ही सगळी चर्चा वाळूत व्यर्थ आहे.

आता तुमचे तिसरे निरीक्षण, जे मला सर्वांत बोलके वाटते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, म्हणजे १.०१ बार असतो. ३,००० मीटरवर तो ७० च्या आसपास येतो, ४,००० मीटरवर ६२ आणि ५,००० मीटरवर ५४. बूस्टचा साधा काट्याचा मीटर भोवतालच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. मॅनिफोल्डमधील एमएपी सेन्सर मात्र निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला दाब देतो, आणि ॲपला बूस्ट दाखवण्यासाठी त्यातून भोवतालचा दाब वजा करावा लागतो. काही ॲप वाहनाच्या वातावरणीय दाबाच्या सेन्सरचा चालू आकडा वजा करतात, तर काही सरळ १०१ वजा करतात. सपाट प्रदेशात दोघांचे उत्तर सारखेच येते, म्हणून हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या आकड्यांवर हे लावून पाहा. समजा ४,००० मीटरवर मॅनिफोल्डमध्ये १८० किलोपास्कल दाब होता. त्यातून १०१ वजा केले तर ७९ उरतात, म्हणजे ०.७९ बार, आणि तुम्हाला दिसलेला आकडा जवळजवळ हाच आहे. परंतु तिथला खरा भोवतालचा दाब ६२ होता, म्हणजे खरा बूस्ट ११८ किलोपास्कल, १.१८ बार. तसे असेल तर टर्बोने उंचीवरही खालच्याइतकाच बूस्ट दिला आहे. प्रत्यक्षात त्याने जास्त कष्ट केले आहेत: खाली १०१ चे २२० करताना कॉम्प्रेसरचे दाब-गुणोत्तर सुमारे २.२ होते, वर ६२ चे १८० करताना ते २.९ झाले. ज्या टर्बोला तुम्ही थकलेला समजत आहात, तो त्या दिवशी अधिक वेगाने फिरत होता.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. वाहन काही वेळ बंद राहू द्या, मग इंजिन सुरू न करता फक्त किल्ली ऑन करा आणि ॲपवरील बूस्ट वाचा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये आणि बाहेर दाब सारखाच असतो, म्हणून आकडा शून्य आला पाहिजे. तुम्ही १,००० मीटर उंचीवर असाल आणि ॲप उणे ०.१ दाखवत असेल, तर ते समुद्रसपाटीचा स्थिर आकडा वजा करत आहे हे निश्चित समजा. ४,००० मीटरवर हीच चूक उणे ०.४ होते. खडकाळ चढावरचा तुमचा ०.१ सुद्धा डोंगराळ भागात मोजलेला असेल, तर त्यातही तेवढी भर घालावी लागेल. आणखी एक बारकावा असा की, ओबीडीच्या प्रमाणित संचात मॅनिफोल्ड दाबाचा आकडा एका बाइटमध्ये पाठवला जातो, त्यामुळे तो २५५ किलोपास्कलच्या पुढे जाऊच शकत नाही. अधिक बूस्टच्या इंजिनात आलेख २५५ वर सपाट झालेला पाहून टर्बो गळपटला असे समजणारे लोकही मला भेटले आहेत.

उंचीवर वाहन मंदावले हा तुमचा अनुभव खोटा नाही. १८० विरुद्ध २२० म्हणजे हवा ढोबळमानाने १८ टक्के कमी, आणि टर्बोच्या शाफ्टने सुरक्षित गती ओलांडू नये म्हणून बहुतेक ईसीयू बूस्टची मागणीच उंचीनुसार कमी करतात. टर्बो नसलेल्या इंजिनाने त्याच ठिकाणी सुमारे ३८ टक्के हवा गमावली असती. टर्बोचे हे मोल फार जुने आहे: आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये एक्झॉस्टवर चालणाऱ्या टर्बोचे पेटंट घेतले, आणि १९१८ मध्ये सॅनफोर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचे इंजिन अमेरिकेतील पाइक्स पीकच्या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या माथ्यावर नेऊन, विरळ हवेतही टर्बोमुळे इंजिनाची शक्ती टिकते हे दाखवून दिले. मात्र कमी आरपीएमला टर्बो मदतीला येत नाही, त्यामुळे उंचीवर चढावर थांबून पुन्हा निघताना इंजिनाला खरोखरच ६२ टक्के हवेवर भागवावे लागते. तिथे लो रेंज वापरण्यात कमीपणा मानू नये.

इथवरचे सार एवढेच: रांगताना बूस्ट नसणे स्वाभाविक आहे, उंचीवरचा ०.८ बहुधा ॲपच्या वजाबाकीचा दोष आहे, आणि सपाटीवरचा १.२ हा टर्बो काम करत असल्याचा पुरावा आहे.

तापमानाबद्दलही बोलले पाहिजे, कारण बूस्टचा मीटर नेमके तेच लपवतो. हवा दाबली की तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा २.२ गुणोत्तराने दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १४० अंशांच्या आसपास असते. इंटरकूलरने ती ६० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला सुमारे २४ टक्के अधिक हवा मिळते. आता कल्पना करा की इंटरकूलरच्या जाळीत चिखल वाळून बसला आहे, किंवा वाळूत वाहन इतके हळू चालले आहे की त्यावरून पुरेसा वाराच जात नाही. मीटर तोच १.२ दाखवेल, पण सिलिंडरमध्ये हवा कमी जाईल आणि एक्झॉस्टचे तापमान वाढेल. ऑफ-रोड चालवणाऱ्याला एकच जादा मीटर लावायचा असेल, तर बूस्टऐवजी एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचा लावावा, असे माझे मत आहे; डिझेलमध्ये टर्बाइनपूर्वीचे तापमान दीर्घ चढावर ७०० अंशांच्या आसपास टिकून राहू लागले, तर मी पेडल सोडतो किंवा गिअर खाली घेतो.

हे सर्व समजून घेतल्यावरही शंका उरत असेल, तर टर्बो उघडण्यापूर्वी मागणी आणि प्रत्यक्ष यांची तुलना करा. त्या कंपनीच्या वाहनांसाठी असलेल्या निदान-यंत्रावर ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी दिसतात. सुरक्षित, मोकळ्या चढावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये १,५०० ते ३,५०० आरपीएमपर्यंत पूर्ण पेडल द्यावे आणि नोंद शेजारी बसलेल्या व्यक्तीने करावी. सुरुवातीला प्रत्यक्ष आकडा मागे राहणारच. पण नंतरही तो मागणीपेक्षा ०.२ बारहून अधिक खाली राहिला, तर मी दोष शोधायला लागतो. हा माझा कामातला आडाखा आहे, कोणत्याही पुस्तकातील नियम नव्हे. फरक टिकून राहिला तर बहुधा ईसीयूही पी०२९९ हा कमी बूस्टचा कोड नोंदवतो. बूस्ट मर्यादेबाहेर गेल्यास पी०२३४ येतो आणि वाहन लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी शक्ती घटवलेल्या स्थितीत, जाते.

दोष सापडतो तोही बहुतेक वेळा टर्बोच्या बाहेर. कॉम्प्रेसरपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे रबरी होज आणि त्यांचे क्लॅम्प आधी पाहावेत, कारण खडकाळ वाटेवर इंजिन हलते आणि सांधे ढिले होतात. फाटलेला होज उभ्या वाहनात मिटलेला दिसतो आणि बूस्ट आल्यावरच उघडतो. भार दिल्यावर फुसकारा ऐकू येणे, काळा धूर आणि सांध्याभोवती तेलकट धूळ या त्याच्या खुणा आहेत. होजच्या आत तेलाचा पातळ थर असणे मात्र साधारण गोष्ट आहे, त्यावरून टर्बोचे सील गेले असा निष्कर्ष काढू नये. त्यानंतर ॲक्च्युएटरची (वेस्टगेट किंवा पाती हलवणाऱ्या भागाची) नळी तपासावी, आणि इथे एक विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे: बूस्टच्या दाबावर उघडणाऱ्या वेस्टगेटची नळी फुटली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट वाढतो; निर्वातावर चालणाऱ्या व्हीजीटीची नळी फुटली तर पाती उघडी राहतात आणि बूस्ट पडतो. सतत हळू आणि हलक्या भारावर चालवलेल्या वाहनात पात्यांवर काजळी बसून ती अडकतात, हेही व्हीजीटीमध्ये पाहावे.

माझ्या हातून एकदा झालेली चूक सांगतो. एका वाहनाचा बूस्ट रस्त्यावर ठीक असे आणि ऑफ-रोड तासभर चालवल्यावर पडे. मी टर्बो काढला, शाफ्टचा खेळ मोजला, पाती साफ केली आणि दोन दिवस घालवले. टर्बोत काहीही दोष नव्हता. लो रेंजमध्ये जोराचा टॉर्क आला की इंजिन आपल्या रबरी आधारांवर कलत असे आणि तापून मऊ झालेली निर्वाताची नळी ब्रॅकेटखाली चिमटली जात असे. तेव्हापासून मी टर्बोला हात लावण्याआधी कोणाला तरी ब्रेकवर बसवतो, गिअरमध्ये हलका भार द्यायला सांगतो आणि बाजूला उभा राहून इंजिन कलताना काय काय ताणले जाते ते पाहतो.

एअर फिल्टरबद्दल थोडेच सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक असते आणि तरीही टाळले जाते. धुळीने भरलेला फिल्टर ५–६ किलोपास्कल दाब गिळू शकतो. समुद्रसपाटीला हे जाणवत नाही, पण भोवतालचा दाब ६२ असताना त्यातील सहा गेले, तर तोच १८० गाठण्यासाठी गुणोत्तर २.९ वरून ३.२ वर जाते. शिवाय फिल्टरला चुकवून आत शिरणारी बारीक वाळू कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजवते आणि ही झीज भरून येत नाही. जोराच्या चढानंतर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे आयडल ठेवावे, म्हणजे बेअरिंगमधील तेल जळून कोळसा होत नाही.

राहिला ट्यूनिंग बॉक्स. डिझेलमध्ये शक्ती इंधनातून येते आणि हवा ते स्वच्छ जळू देते, त्यामुळे नुसता बूस्ट वाढवून फारसे काही मिळत नाही. असे अनेक बॉक्स सेन्सरचा संकेत बदलून ईसीयूला फसवतात, आणि ज्या ईसीयूने उंचीवर टर्बोची गती आवरायची असते, तोच फसलेला असेल तर २.९ चे गुणोत्तर कुठवर जाईल हे सांगता येत नाही. सपाट रस्त्यावर वजन ओढणाऱ्याने, इंटरकूलर आणि एक्झॉस्टच्या तापमानाची व्यवस्था करून, त्या इंजिनाची माहिती असलेल्या व्यक्तीकडून ट्यूनिंग करून घेतले तर मी हरकत घेणार नाही. तुमची तक्रार मात्र रांगतानाची आणि उंचीवरची आहे. पहिल्या ठिकाणी बॉक्स काही करू शकत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याने काही करू नये हेच बरे. आधी किल्ली ऑन करून इंजिन बंद असतानाचा आकडा वाचा. तो शून्य असेल, तर उंचीवरचा ०.८ खरा धरावा लागेल. मग निदान-यंत्रावरील मागणी आणि प्रत्यक्ष बूस्टची नोंद, वाहनाचे मॉडेल आणि टर्बोचा प्रकार कळवा, म्हणजे पुढचे होजपासून सुरू करता येईल.